वेबसाइटवर लोक येतात, ऑर्डर येत नाही: पेमेंटपासून मागे या

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगडजवळ घरची बाग आहे. हापूसच्या पेट्या, जोडीला कोकम आगळ, आंबापोळी आणि फणसपोळी असा माल आहे. वेबसाइट करून घेतली, इन्स्टाग्राम आणि गूगलवर जाहिरात लावली. हंगामात महिन्याला चारेक हजार लोक येऊन जातात, पण ऑर्डर वीसच्या आतच राहते. आता डिझाइन बदलावं, जाहिरात वाढवावी की भाव उतरवावा?

या तिन्हीला आत्ता हात लावू नका. बहुतेक छोट्या व्यावसायिकांची दुरुस्ती मुखपृष्ठापासून सुरू होते: नवा बॅनर, नवा लोगो, नवे रंग. माझा आग्रह उलटा आहे. पैसे भरण्याच्या पायरीपासून सुरुवात करा आणि तिथून एकेक पायरी मागे या. पैसे भरायला आलेला माणूस घ्यायचं ठरवून आलेला असतो. तो तिथून परत जात असेल तर मुखपृष्ठ कितीही देखणं केलं तरी फरक पडणार नाही.

एक हिशेब मांडतो. समजा उत्पादनाच्या पानावर १,५०० जण आले, १२० जणांनी पेटी कार्टमध्ये (खरेदीच्या टोपलीत) टाकली, ७० जण चेकआउटला (पत्ता आणि पैसे भरण्याच्या पायरीला) पोचले आणि १४ जणांचं पेमेंट झालं. म्हणजे चेकआउटपर्यंत आलेल्या पाच जणांतला एकच टिकला. जाहिरातीचा खर्च दीडपट केलात आणि सगळं प्रमाण तसंच राहिलं, तर ऑर्डर १४ च्या २१ होतील. तेवढ्याच लोकांत चेकआउटला पोचलेल्यांपैकी निम्म्यांचं पेमेंट पार पडलं, तर ३५ होतील, आणि त्यासाठी जाहिरातीवर एक रुपयाही जास्त लागणार नाही.

हे आकडे तुमच्याकडे आहेत का, ते आधी बघा. गूगल ॲनालिटिक्स ४ (वेबसाइटवर लोक काय करतात ते मोजणारं गूगलचं साधन) मध्ये उत्पादन पाहिलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट सुरू केलं, खरेदी झाली या चार घटना वेगवेगळ्या नोंदल्या जायला हव्यात. वेबसाइट करून देणाऱ्याने नुसता कोड चिकटवला असेल तर पानं किती पाहिली अशी जुजबी माहितीच दिसते. या चार नोंदी करून मागा. वूकॉमर्स किंवा शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान उभारायची तयार साधनं) हे काम फार मोठं नाही.

आणि ते चार हजार म्हणजे नेमके कोण, हेही पाहा. त्यात तुमच्या घरचे आणि डिझाइनरचे फोन असतात, बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) असतात, तुम्ही माल पोचवतच नाही अशा गावांचे लोक असतात. 'आंबा घरी कसा पिकवायचा' असा लेख वेबसाइटवर असेल तर तो वाचायला येणाऱ्याच्या घरी आंबे आधीच आलेले असतात. हे सगळे वगळले की खरा आकडा बराच खाली येतो. तो बघून धीर सोडू नका, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर करायचा आहे.

पैसे भरण्याची पायरी

स्वतःच्या वेबसाइटवरून खरी पेटी खरे पैसे भरून मागवा. ऑफिसच्या वायफायवर, लॅपटॉपवर नाही. तीन-चार वर्षं जुना अँड्रॉइड फोन घ्या, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर बोट ठेवून आत शिरा. हे महत्त्वाचं आहे, कारण इन्स्टाग्राम आणि फेसबुक लिंक स्वतःच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतात आणि तिथून यूपीआय ॲपकडे जाताना गाडी अडकण्याची शक्यता जास्त असते. क्रोममध्ये सगळं सुरळीत चालतं म्हणून मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाला क्यूआर कोड दाखवला जात असेल तर तोही अडथळाच. ज्या फोनवर कोड दिसतोय, त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? मोबाइलवर थेट यूपीआय ॲप उघडणारं बटण हवं, क्यूआर कोड फक्त कॉम्प्युटरवर.

मग पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या) डॅशबोर्डमध्ये जाऊन फसलेल्या पेमेंटची यादी काढा. छोटे व्यावसायिक ही यादी क्वचितच उघडतात. प्रत्येक नोंदीपुढे कारण असतं: ग्राहकाने रद्द केलं, वेळ संपली, बँकेने नाकारलं. 'वेळ संपली' जास्त दिसलं तर दोष तुमच्या पेमेंटच्या रचनेत असण्याचा संभव मोठा.

सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही. गिऱ्हाईक यूपीआय ॲपमध्ये पिन टाकतं, पैसे जातात, आणि ते ब्राउझरकडे परतायच्या आत फोन येतो किंवा ब्राउझर बंद होतो. तुमची वेबसाइट ते परत येण्याचीच वाट पाहत असेल तर ऑर्डर 'प्रलंबित' राहते. यावर उपाय वेबहुकचा: पेमेंट झाल्याचा निरोप गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला देतो, गिऱ्हाईक परतलं नाही तरी चालतं. वेबहुक चालू आहे का, एवढा एक प्रश्न डेव्हलपरला आजच विचारा. शिवाय काही गेटवेंमध्ये पेमेंट मंजूर झालं तरी ते 'कॅप्चर' व्हावं लागतं (म्हणजे ते पैसे तुम्ही प्रत्यक्ष स्वीकारावे लागतात), नाहीतर काही दिवसांनी पैसे आपोआप परत जातात. ऑटो-कॅप्चर चालू असायला हवं. नाहीतर तुम्ही पेटी पाठवून मोकळे व्हाल आणि पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात परत गेलेले असतील.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल सगळेच विचारतात. ताज्या आंब्याला ती देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नाकारलेला शर्ट परत येऊन पुन्हा विकला जातो. नाकारलेली पेटी जाऊन-येऊन सहा-आठ दिवसांनी दारात येते तेव्हा निम्मं फळ गेलेलं असतं आणि दोन्ही वेळचं भाडं तुमच्या अंगावर पडतं. गिऱ्हाईक पहिल्यांदाच घेतंय आणि कचरतंय असं दिसलं, तर १०० किंवा २०० रुपये आगाऊ आणि बाकी पेटी हातात पडल्यावर यूपीआयने, असा मधला मार्ग ठेवा. आगळ किंवा आंबापोळीला मात्र कॅश ऑन डिलिव्हरी देऊन बघायला हरकत नाही. तो माल टिकतो.

पत्त्याचा फॉर्म

खातं उघडल्याशिवाय ऑर्डरच करता येत नसेल तर ती अट आजच काढा. नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता, जवळची खूण एवढं पुरे. पिनकोड टाकला की शहर आणि राज्य आपोआप भरलं जावं. मोबाइल आणि पिनकोडच्या चौकटीत बोट ठेवल्यावर आकड्यांचा कीबोर्ड यावा. ई-मेल ऐच्छिक ठेवा.

आंब्याच्या धंद्यात या फॉर्मची एक खास अडचण आहे आणि ती बाजारात मिळणाऱ्या तयार थीममध्ये सुटलेली नसते. पेटी अनेकदा दुसऱ्यासाठी घेतली जाते. मुलगी बंगळुरूत असते, आईवडील कोथरूडला. मुलगा न्यू जर्सीत, मावशी डोंबिवलीत. फॉर्ममध्ये एकच मोबाइल नंबर असेल तर गिऱ्हाईक आपला नंबर देतं आणि कुरिअरवाला पुण्यातल्या दारात उभा राहून परदेशी फोन लावत बसतो. म्हणून 'पाठवणाऱ्याचा नंबर' आणि 'पेटी घेणाऱ्याचा नंबर' अशा दोन चौकटी हव्यात. पाठवणाऱ्याच्या चौकटीने परदेशी नंबर स्वीकारला पाहिजे. बऱ्याच फॉर्मवर १० आकडी भारतीय नंबरच चालतो, त्यामुळे अमेरिकेतलं किंवा दुबईतलं गिऱ्हाईक तिथेच थांबतं. त्यांच्यासाठी गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डाची परवानगीही वेगळी मागून घ्यावी लागते. ती आपोआप मिळालेली नसते. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी अर्ज करा, कागदपत्रांत वेळ जातो.

आणखी दोन तपासण्या. मोबाइल नंबर शून्य किंवा अधिक ९१ लावून, मध्ये जागा सोडून टाकला तरी चालतो का? पत्ता देवनागरीत लिहिला तर फॉर्म तो घेतो का, आणि कुरिअरच्या लेबलवर तो नीट छापला जातो की नुसते चौकोन येतात? चौकोन येत असतील तर पत्त्याच्या चौकटीजवळ 'कृपया पत्ता इंग्रजीत लिहा' असं आधीच सांगा. लाल अक्षरातली चूक शेवटी दाखवू नका.

डिलिव्हरीचा खर्च कुठे दाखवता

एक डझन ९५० रुपये बघून गिऱ्हाईक आत येतं, नाव-पत्ता भरतं, आणि शेवटच्या पानावर २०० रुपये डिलिव्हरी आणि ३० रुपये पॅकिंग असे १,१८० दिसतात. इथे ते थांबतं. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अनेक वर्षं ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करते. तिच्या संकलनानुसार १०० भरलेल्या कार्टपैकी सुमारे ७० सोडून दिल्या जातात आणि त्याच्या कारणांत शेवटी वाढलेला खर्च सर्वांत वर आहे. नुसतं बघायला आलेले लोक सोडून हे कारण धरलेलं आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधी (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाइटच्या क्लृप्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अशी तुकड्यातुकड्याने किंमत उघड करणं फसव्या प्रकारांमध्येच मोजलं आहे.

माझा सल्ला असा की घरपोच भावच लिहा: 'मुंबई, ठाणे, पुणे घरपोच १,१८०'. यासाठी स्वतःचा खर्च नेमका माहीत हवा. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे लावतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागायचं (काही सेवांचा भाजक कमी असतो, दरपत्रकात बघून घ्या). ३५ × २५ × १२ सेंटिमीटरच्या खोक्याचं ते २.१ किलो होतं, पण एक डझन फळ, गवत आणि खोका मिळून प्रत्यक्ष वजन साडेतीन किलोच्या आसपास जातं. आंब्यात बहुधा प्रत्यक्ष वजनच लागू होतं. आंबापोळीची हलकी पाकिटं मोठ्या खोक्यात घातलीत तर मात्र आकारमान अंगावर येईल. वजनाचा टप्पा किलोकिलोने बदलत असेल तर ३.१ किलोच्या पार्सललाही चार किलोचे पैसे पडतात, म्हणून खोका ठरवण्याआधी भरलेली पेटी काट्यावर ठेवून बघा.

सगळीकडे एकच भाव परवडत नसेल तर उत्पादनाच्या पानावरच, 'कार्टमध्ये टाका' या बटणाच्या वर, पिनकोडची चौकट द्या. सहा आकडे टाकले की खर्च आणि किती दिवसांत पोचेल ते दिसावं. तेही जमत नसेल तर तीन ओळींचा तक्ता करा: मुंबई महानगर, पुणे, उर्वरित महाराष्ट्र व गोवा. जिथे फळ सुस्थितीत पोचत नाही तिथे 'पाठवत नाही' असं स्वच्छ लिहा.

उत्पादनाचं पान

आता पान. 'कोकणच्या लाल मातीतला अस्सल, रसाळ, मधुर हापूस' असल्या ओळी प्रत्येक विक्रेत्याकडे आहेत. त्यातून गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. त्याचे प्रश्न ठरलेले आहेत आणि ते तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये रोज पडतायत. मागच्या हंगामातली शंभर संभाषणं काढा, प्रत्येकातला पहिला प्रश्न वहीत लिहा. पाच-सहा प्रश्नच पुन्हा पुन्हा दिसतील. पान त्यांच्याच क्रमाने लिहा. नमुना देतो:

'देवगड हापूस, १ डझन. प्रत्येक फळ २५० ते २७५ ग्रॅम, फळांचं निव्वळ वजन किमान ३ किलो. तोडणी मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याच दिवशी गवतात भरून रवाना. मुंबई-पुण्यात दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी पोच. हाती पडेल तेव्हा फळ हिरवट आणि कडक असेल. पेटीतून काढून गवतावर एका थरात ठेवा, चार ते सहा दिवसांत खाण्याजोगं होईल. फ्रिजमध्ये कच्चं फळ ठेवू नका. फळ खराब निघालं तर पोच मिळाल्यापासून ४८ तासांत, आणि आतून साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला तर १० दिवसांत, कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे परत.'

यातले दिवस आणि वजन तुमच्या मालाप्रमाणे बदला. पण हिरवट फळ येईल हे आधी सांगणं सोडू नका. पिवळेधमक फोटो बघून मागवलेली पेटी हिरवी निघाली की 'फसवलं' असा फोन येतो, आणि पुढच्या वर्षी ते घर तुमच्याकडे येत नाही.

साक्याचं वेगळं लिहिलं त्याला कारण आहे. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, आणि कापायला चार-पाच दिवस जातात. चोवीस तासांची सरसकट मुदत ठेवलीत तर जाणता खवय्या ती वाचूनच मागे फिरतो, कारण त्याला हे ठाऊक असतं. मुदत वाढवली की तक्रारींचा पूर येईल ही भीती असते. त्यापेक्षा भरपाईचा खर्च भावातच धरा. समजा शंभरात तीन फळांचे पैसे परत द्यावे लागले, तर एका डझनाच्या ९५० रुपयांमागे तो खर्च साधारण २८-२९ रुपये. त्याच ओळीने बिचकणारं गिऱ्हाईक थांबत असेल तर हा सौदा तुमच्या फायद्याचा आहे.

फोटो पाच पुरेत: तळहातावरचं फळ (आकार कळतो), काट्यावर ठेवलेली पेटी ज्यात आकडा वाचता येतो, उघडी पेटी वरून, कापलेली फोड, आणि बागेत उभे असलेले तुम्ही स्वतः. इंटरनेटवरून उचललेला फोटो एकही नको. तोच फोटो दुसऱ्या चार वेबसाइटवर दिसला की विश्वास संपतो.

हे फोटो मोबाइलने काढून तसेच चढवले तर एकेक चार-पाच एमबीचा असतो आणि पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं. रुंदी १,२०० पिक्सेल, वेबपी स्वरूप (फोटोची फाइल हलकी ठेवणारं), प्रत्येकी १५० केबीच्या आत. सगळ्यांत वरचा फोटो 'लेझी लोड' (पान सरकवून तिथे पोचल्यावरच उघडणारा) करू नका, खालचे करा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची चांगल्या पानाची मर्यादा आहे. पेजस्पीड इनसाइट्सवर (पानाचा वेग तपासायचं गूगलचं साधन) मोबाइलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा नको. देवनागरी फॉन्टच्या फाइल्स जड असतात, म्हणून एकच फॉन्ट, फार तर दोन जाडी. सरकते बॅनर, आल्याआल्या उघडणारी 'नाव नोंदवा'ची खिडकी आणि उडणारी चॅटची चिन्हं काढून टाकली की वेग बहुधा तिथेच बराच सुधारतो.

भाषेचं म्हणाल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही पानं ठेवा, पण बटणं, फॉर्म आणि चुकीचे संदेशही त्याच भाषेत असू देत. मराठी पानावरून अचानक इंग्रजी चेकआउटवर जाणं घरातल्या वडीलधाऱ्यांना खटकतं, आणि पेट्या मागवणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे.

विश्वास कशाने बसतो

हापूसच्या नावाने परराज्यातला आंबा विकला जातो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला. तुम्ही नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर क्रमांक पानावर लिहा. नसाल तर मानांकनाचं चिन्ह लावू नका. नोंदणी करून घ्या. आगळ आणि पोळीसाठी अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, घटक आणि टिकण्याचा काळ पानावरही हवा, नुसता बाटलीवर नाही. 'कार्बाइडमुक्त' एवढं लिहून भागत नाही. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने मुळातच बंदी आहे. त्याऐवजी अढी (गवतात फळ पिकत घालणं) कशी लावता, किती दिवस ठेवता ते दोन ओळींत आणि एका फोटोत दाखवा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. घरचा धंदा असेल तर तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. हे कायद्यासाठी करायचंच आहे, पण गावाचं नाव आणि उचलला जाणारा फोन नंबर दिसला की विक्रीलाही मदत होते.

अभिप्राय खरेच घ्या, आणि गावासकट: 'ठाणे, दोन डझन, एप्रिल'. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट लावताना परवानगी विचारा आणि नंबर झाका. एखादा 'दोन फळं खराब होती, पैसे परत मिळाले' असा अभिप्राय असेल तर तो लपवू नका, त्याने भरपाईची अट खरी असल्याचं दिसतं.

'फक्त २ पेट्या शिल्लक' आणि पान पुन्हा उघडल्यावर पहिल्यापासून सुरू होणारं उलटं घड्याळ या दोन्हींवर माझा राग आहे. खोटी घाई हाही २०२३ च्या यादीतला डार्क पॅटर्न आहे. आणि आंब्याला खोट्या घाईची गरजच काय? शुक्रवारच्या तोडणीला ४० पेट्या निघणार असतील तर ४० लिहा, ऑर्डर येईल तसा आकडा आपोआप कमी होऊ द्या.

व्हॉट्सॲपचा गल्ला

तुमची अर्धीअधिक विक्री बहुधा व्हॉट्सॲपवर होत असेल आणि ती 'वेबसाइटची ऑर्डर' म्हणून कुठेच मोजली जात नसेल. म्हणून वीसच्या आतला आकडा अपुराही असू शकतो. व्हॉट्सॲपच्या बटणावरची टिचकी ॲनालिटिक्समध्ये वेगळी घटना म्हणून नोंदवा. बटणाच्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे दहा आकडे, अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा न ठेवता. प्रत्येक उत्पादनासाठी संदेश आधीच भरलेला ठेवा: 'देवगड हापूस १ डझन, २५० ग्रॅम, हवा आहे. माझा पिनकोड:'. असं केलं की 'हाय' आणि 'रेट?' एवढ्यावरच्या चौकशा कमी होतात आणि पिनकोड पहिल्याच संदेशात मिळतो.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं करा: चौकशी, पैसे बाकी, पाठवायचं, पोचलं. ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं झटपट उत्तरांत साठवा, पण भाव विचारणाऱ्याला नुसती दरपत्रकाची पीडीएफ फेकू नका. त्याच्या पिनकोडचा घरपोच भाव, पोचण्याचा वार आणि पैसे भरायची लिंक एकाच संदेशात द्या. लिंक गेटवेची असावी. खासगी क्यूआर कोडवर आलेले पैसे कोणत्या ऑर्डरचे हे रात्री बसून जुळवावं लागतं आणि त्यातच पेट्या चुकतात. उत्तर किती वेळात देता हे फार मोलाचं आहे, कारण तेच गिऱ्हाईक त्याच वेळी आणखी तिघांना विचारत असतं. दुपारी बागेत असाल तर ती वेळ पानावर लिहा: 'संदेशांना सकाळी ९ पर्यंत आणि संध्याकाळी ६ नंतर उत्तर'.

जाहिरात आणि मोजमाप

पेमेंट, फॉर्म, भाव आणि पान दुरुस्त झाल्यावरच जाहिरातीकडे या. समजा खर्च वजा जाता एका पेटीमागे २५० रुपये सुटतात आणि एका टिचकीला ६ रुपये पडतात. मग शंभरात किमान २.४ जणांनी घेतलं तरच जाहिरात स्वतःचा खर्च भागवते. शंभरात एकच घेत असेल तर प्रत्येक ऑर्डरमागे जाहिरातीचे ६०० रुपये जातात. हा आकडा स्वतःचे भाव घालून काढा आणि भिंतीवर लावा. 'देवगड हापूस घरपोच पुणे' शोधणाऱ्याला मुखपृष्ठावर न आणता थेट पेटीच्या पानावर आणा. गूगलच्या जाहिरातीत 'रोप', 'कलम', 'लागवड', 'रेसिपी', 'आजचा बाजारभाव' हे शब्द वगळायच्या यादीत टाका, आणि जाहिरात फक्त तुम्ही माल पोचवता त्या भागांत दाखवा.

बटणाचा रंग हिरवा की केशरी, अशा दोन आवृत्त्यांची चाचणी घेण्याचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. शंभरात एक जण घेतोय आणि तो आकडा १.२ झाला हे खात्रीने ओळखायचं, तर प्रत्येक आवृत्तीला सुमारे ४०,००० भेटी लागतात. तुमचे कित्येक हंगाम जातील. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी हे मोफत साधन बसवा आणि कार्टपर्यंत येऊन परत गेलेल्या तीसेक लोकांच्या स्क्रीनवरच्या हालचालींच्या चित्रफिती बघा. कुठे बोट पुन्हा पुन्हा आपटतंय, कुठे पान वरखाली होतंय, ते डोळ्यांना दिसतं. मग पाच ओळखीच्या माणसांना फोन हातात देऊन 'एक डझन मागव' एवढंच सांगा आणि गप्प बसून बघा. त्यांतले दोघं तरी साठीच्या पुढचे असू देत.

एका आठवड्याची ऑर्डर दुसऱ्या आठवड्याशी ताडू नका. पाडव्याला पहिल्या पेट्यांचा भाव चढा असतो, अक्षय्य तृतीयेला मागणी उसळते, मेमध्ये भाव उतरतो. या चढउतारात तुमच्या दुरुस्तीचा परिणाम झाकला जातो. कार्टमधून चेकआउटला किती गेले आणि चेकआउटमधून किती पेमेंट पार पडली, ही दोन प्रमाणं बघा. त्यांच्यावर हंगामाचा परिणाम बराच कमी होतो.

पावसाळ्यानंतर

जूनमध्ये आंबा संपला की बरेच जण पेटीचं पान काढून टाकतात. काढू नका. तो पत्ता गूगलला वर्षभर ओळखीचा राहिला पाहिजे, नाहीतर मार्चमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. भावाच्या जागी 'पुढची तोडणी मार्चमध्ये' लिहा, खाली नाव, व्हॉट्सॲप नंबर, पिनकोड आणि 'पहिली पेटी निघाली की कळवा' अशी चौकट ठेवा. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवू नका, ती गिऱ्हाइकाने स्वतः करायची असते. व्हॉट्सॲप बिझनेसच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो, म्हणून पेटीत एक छोटं कार्ड टाका: 'आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या हंगामाचा भाव आधी कळेल'. पेटीच्या त्या पानावर खाली आगळ, आंबापोळी आणि फणसपोळीची बटणं द्या. याद्या पिनकोडप्रमाणे वेगळ्या ठेवल्यात तर पहिल्या तोडणीच्या दिवशी पुण्याची गाडी भरली की पुण्याच्याच यादीला संदेश जाईल, आणि मुंबईकरांना त्यांच्या गाडीच्या दिवशी.